मूलवाडीकर मोलेसर

आमच्या घरातला मोल्सवर्थ गेल्या वर्षी बाइंडरकडे द्यावा लागला. मोल्सवर्थ म्हणजे माणूस नव्हे, कोश. पुण्याच्या शुभदा-सारस्वतने १९७५ साली काढलेलं पुनर्मुद्रण. वडिलांनी घेतलेलं, उशीएवढं जाड आणि पाट्यासारखं जड. कणा उसवला होता आणि ‘प’पासून पुढचा गठ्ठा हातात यायचा. आमच्याकडे ‘मोल्सवर्थ कुठाय?’ या प्रश्नाला ‘पलंगाखाली’, ‘खिडकी अडवायला लावलाय’ अशी उत्तरं मिळत आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. शब्द अडला की ‘मोल्सवर्थमध्ये बघ’ म्हणायचं. मराठीच्या नादाला लागलेल्या बहुतेक घरांतली ही रीत.

पानं क्रमाने लावताना नावाचं पान हाताशी आलं. जे. टी. मोल्सवर्थ. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात अधिकारी म्हणून आलेला हा तरुण इथल्या भाषेत गुंतला. कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळी यांच्या साथीने त्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापून आणला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली. तिच्यात सुमारे साठ हजार शब्द. हा शब्द संस्कृतातला, हा फारसीतला, हा अरबीतला, अशी खूण एकेका अक्षरात. लोकांनी त्याचं नाव ‘मोलेसर’ करून टाकलं आणि पुढे आदराने ‘शास्त्री’ही जोडलं. मराठीतल्या हजारो शब्दांचं कूळ त्याने नोंदवलं; त्याच्या स्वतःच्या आडनावाचं कूळ मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. कोश परत येईपर्यंत वेळ होता. म्हटलं, बघू या.

खेचराची वाडी

मोल्सवर्थ हे गावाचं नाव आहे. इंग्लंडच्या पूर्व भागात हंटिंग्डनशर नावाचा चिमुकला परगणा होता. १९७४ पासून तो केंब्रिजशरमध्ये गणला जातो. हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला, नॉर्थॅम्प्टनशरच्या सीमेजवळ हे खेडं आहे. एक चर्च, थोडी घरं, बाकी शेतं. विल्यम राजाने इंग्लंड जिंकल्यावर जमीन आणि सारा यांची जी मोजदाद करवली, त्या १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’मध्ये हे गाव ‘मोलेसवर्दे’ अशा नावाने नोंदलेलं आहे.

नावाचे दोन तुकडे पडतात. शेवटचा ‘वर्थ’ म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेली जागा, घरापुरती वस्ती. केनिलवर्थ, टॅमवर्थ, लंडनमधलं वाँड्सवर्थ, सगळीकडे हाच ‘वर्थ’ आहे. आपल्याकडे याला सरळ ‘वाडी’ म्हणता येईल. पहिला तुकडा ‘मूल’ हे माणसाचं नाव. मराठी कानाला लेकरू आठवेल, पण त्या भाषेत मूल म्हणजे खेचर. दोन जातींच्या संकरातून झालेला, अशा अर्थाने ते टोपणनाव म्हणून चिकटत असावं. नाव हलक्या माणसाचंच असे असंही नाही. सातव्या शतकात केंटच्या गादीवर मूल नावाचा राजाच होता. ६८७ साली लोकांनी त्याला जाळून मारल्याची नोंद जुन्या बखरीत आहे. आपला मूल तो नव्हे. हा कोणी कुंपण घालून राहिलेला शेतकरी. पण गाढवे, लांडगे, कोल्हे ही आडनावं ज्यांच्या वर्गात होती, त्यांना खेचर नावाच्या गृहस्थाचं नवल वाटायला नको.

म्हणजे मोल्सवर्थ ही झाली मूलवाडी, आणि कोशकार जेम्स थॉमस झाले मूलवाडीकर.

या ‘कर’मध्येच खरी गोम आहे. वाईत राहणाऱ्याला वाईकर कोण म्हणतं? तिथे सगळेच वाईकर. तो पुण्याला किंवा बडोद्याला जाऊन राहिला की मग लोक त्याला वाईकर म्हणू लागतात. इंग्लंडातही तसंच झालं. नॉर्मन विजयानंतर वरच्या थरात आणि पुढच्या तीनेकशे वर्षांत खालपर्यंत आडनावं रुळली. धंद्यावरून, बापाच्या नावावरून, अंगलटीवरून आणि गावावरून. गावावरून पडलेलं आडनाव बहुधा गाव सोडलेल्यालाच पडलं. म्हणून मूलवाडीकरांची चौकशी मूलवाडीत करून फारसं हाती लागत नाही. ते कुठे कुठे गेले ते बघावं लागतं.

एक आडनाव, दोन वाड्या

कागद लावू लागलं की पहिली अडचण वर्तनीची. चौदाव्या-पंधराव्या शतकातला कारकून कानावर पडेल तसं लिहायचा. मोलेस्वर्थ, मोल्डस्वर्थ, मौल्सवर्थ अशी एकाच घराण्याची नावं वेगवेगळ्या कागदांत वेगवेगळी उतरली आहेत. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने प्रत्येक चर्चने बारसं, लग्न आणि मयत यांची वही ठेवायला सुरुवात केली. १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आली, १८४१ पासून जनगणनेत माणसामाणसाची नावं आली. या सगळ्या वह्यांत इकार-उकारांचा गोंधळ कायम आहे. अशा नावांचा माग काढणाऱ्या हौशी मंडळींची इंग्लंडात संस्थाच आहे. १९७९ साली ‘गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज’ स्थापन झाली. तिचा सभासद एकच आडनाव घेतो आणि जगभरातला त्या नावाचा माणूस न् माणूस टिपत बसतो. आपल्याकडचे कुलवृत्तांतवाले आठवा. फरक एवढाच की यांना गोत्र लागत नाही.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. इंग्लंडच्या वायव्येला, चेशरमध्ये, मोल्डस्वर्थ नावाचं आणखी एक गाव आहे. त्याचा मूल नावाच्या माणसाशीही संबंध नाही आणि खेचराशीही. ‘मोल्डा’ म्हणजे डोक्याचा माथा. त्यावरून टेकडीचा माथा. टेकडीवरची वाडी. आपल्याकडे म्हणायचं तर माथेवाडी. तिथून निघालेल्या माणसाचं आडनाव कारकुनाच्या लेखणीत ‘मोल्सवर्थ’ व्हायला कितीसा वेळ लागणार? अलिबागजवळचं नागाव आणि उरणजवळचं नागाव, दोन्हीकडचे नागावकर पुण्यात शेजारी राहायला आले, तर नाव एक म्हणून भावकी एक होत नाही. तसंच हे. लँकेशर-चेशरच्या बाजूचा एखादा मोल्सवर्थ मूलवाडीचा की माथेवाडीचा, हे नुसत्या आडनावावरून सांगता येत नाही.

त्यातही फसगत होते. लँकेशरमधल्या रॉचडेल या गिरणगावात १८३९ ते १८७७ इतका दीर्घ काळ व्हिकर, म्हणजे गावच्या चर्चचे धर्मगुरू, होते जॉन एडवर्ड नॅसॉ मोल्सवर्थ. चर्चसाठी गावाने कर भरावा की नाही यावरून त्यांचं आणि गावचे प्रसिद्ध पुढारी जॉन ब्राइट यांचं कडाक्याचं वाजलं होतं. नकाशावर रॉचडेलला मोल्सवर्थ दिसले की वाटतं, माथेवाडीहून आले असतील, ती जवळच आहे. पण हे महाशय आयर्लंडच्या सरदार शाखेतले. नोकरीने आले आणि नकाशावर ठिपका ठेवून गेले.

विरळ नावाचं मोल

स्मिथ या आडनावाचा अभ्यास कोणी सहसा घेत नाही. प्रत्येक गावात लोहार होता, प्रत्येक लोहारापासून स्मिथांचं एक कूळ निघालं. त्यांना एकत्र बांधणारा पूर्वज नाही. विरळ आडनावाचं तसं नसतं. ते कदाचित एकाच माणसाला, एकाच वस्तीत, एकदाच पडलेलं असतं. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि पेशीतलं वाय गुणसूत्रही बापाकडूनच मुलाकडे जातं. मग दोन्ही एकाच वाटेने चालली असतील का? लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासून २००९ साली उत्तर छापलं. आडनाव जितकं विरळ, तितकी ती माणसं एका मूळपुरुषाची असण्याची शक्यता जास्त. स्मिथसारख्या नावांत मात्र दोन स्मिथ हे रस्त्यावरच्या कोणत्याही दोघांइतकेच परके.

त्याच मंडळींना दोन वर्षं आधी एक विलक्षण गोष्ट सापडली होती. यॉर्कशरमधल्या एका विरळ आडनावाच्या १८ पुरुषांपैकी ७ जणांचं वाय गुणसूत्र पश्चिम आफ्रिकेत आढळणाऱ्या अतिशय दुर्मीळ प्रकारचं निघालं. माणसं दिसायला पक्की यॉर्कशरची, कोणाला आफ्रिकेतल्या पूर्वजाची काडीइतकी माहिती नाही. कागद मागे नेल्यावर ते सगळे दोन घराण्यांत बसले. १७८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत पोचणाऱ्या. त्याही मागे कधीतरी एक आफ्रिकी माणूस यॉर्कशरच्या घरात आला आणि त्या आडनावाखाली पूर्ण झाकला गेला. आडनाव त्याला लपवून बसलं होतं.

विरळ नावाला दुसरी भीती असते ती बुडण्याची. घराण्यात मुलगे झाले नाहीत की नाव संपलं. बडी बडी घराणी अशी का नामशेष होतात, हे फ्रान्सिस गॉल्टनने कोडं म्हणून विचारलं आणि रेव्हरंड वॉटसन यांनी १८७४ साली त्याचं गणित मांडलं. पुढे तेच गणित अणुभट्टीतली साखळी-प्रक्रिया मोजायला कामी आलं. बुडणारं नाव वाचवायचा साहेबाचा उपाय आपल्या ओळखीचा आहे. इस्टेट हवी तर त्या घराचं नाव लावायचं. कॉर्नवॉलमधली मोल्सवर्थांची शाखा वारशापायी पुढे मोल्सवर्थ-सेंट ऑबिन झाली. आपण दत्तकविधान करतो, ते जोडरेघ मारतात.

गाव सोडलेले

मोल्सवर्थांचा जुना माग वॉल्टर द मोल्सवर्थ या माणसापर्यंत जातो. सरदारांच्या वंशावळीची पुस्तकं त्याला पहिल्या एडवर्डबरोबर धर्मयुद्धाला पाठवतात. १२९८ पासून दहाएक वर्षं तो बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशरचा शेरीफ होता. म्हणजे पहिला नामांकित मूलवाडीकर शेजारच्या परगण्यात चाकरीला होता. वाईकराचा नियम इथूनच सुरू.

पहिल्या एलिझाबेथच्या काळात जॉन मोल्सवर्थ डची ऑफ कॉर्नवॉलचे हिशेब तपासायला थेट इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला गेला. बॉडमिनजवळच्या पेनकॅरोला घराणं रुजलं ते आजतागायत. याच कुळातला हेंडर मोल्सवर्थ जमैकात पोचला, १६८४ ते १६८७ बेटाचा कारभार त्याच्याकडे होता आणि १६८९ साली त्याला बॅरोनेटचा किताब मिळाला. तो रॉयल आफ्रिकन कंपनीचा तिथला प्रतिनिधीही होता; म्हणजे आफ्रिकेतून जहाजं भरून येणारी माणसं उतरवून विकायची. किताबाच्या कागदावर हे लिहिलेलं नसतं.

तिसरी वाट आयर्लंडची. ऑलिव्हर क्रॉमवेलच्या काळात डब्लिनमध्ये पैसा केलेल्या मोल्सवर्थाचा मुलगा रॉबर्ट १७१६ साली व्हायकाउंट झाला. डेन्मार्कला वकील म्हणून गेला आणि परत येऊन, तिथल्या राजाने अनियंत्रित सत्ता कशी बळकावली यावर १६९४ साली त्याने असं झणझणीत पुस्तक लिहिलं की डॅनिश दरबार खवळला. त्याचा मुलगा रिचर्ड १७०६ सालच्या रामिलीच्या लढाईत ड्यूक ऑफ मार्लबरोच्या तैनातीत होता. ड्यूक घोड्यावरून पडला, फ्रेंच स्वार अंगावर आले. रिचर्डने स्वतःचा घोडा पुढे केला. पुढे तो फील्ड मार्शल झाला. डब्लिनमधल्या संसदेजवळचा मोल्सवर्थ स्ट्रीट याच घराण्याच्या नावाचा.

पेनकॅरोच्या आठव्या बॅरोनेटचं, सर विल्यमचं नाव सगळ्यात लांब गेलं. कैद्यांना ऑस्ट्रेलियात पाठवण्याच्या पद्धतीची चौकशी करणारी संसदेची समिती १८३७-३८ साली त्याच्या अध्यक्षतेखाली बसली. तत्त्वज्ञ हॉब्जचे समग्र ग्रंथ त्याने १६ खंडांत छापले. लंडनची क्यू बाग रविवारी लोकांना खुली केली. १८५५ साली वसाहतमंत्री झाला आणि काही महिन्यांत, पंचेचाळिशीतच वारला. न्यूझीलंडची संसद आज वेलिंग्टनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटवर भरते. मूलवाडीला एवढं मोठं काही कधी भरलं नाही.

याच सर विल्यमच्या बागेत एक शब्द जन्मल्याचा किस्सा सांगतात. १८३४ च्या सुमारास चिलीहून आणलेल्या एका झाडाचं रोप पेनकॅरोत लावलं जात होतं. त्या झाडाचं पान म्हणजे चामड्यासारखा जाड, टोकाला सुईसारखा त्रिकोण. फांदीभर असे त्रिकोण खवल्यांसारखे दाटीने बसलेले. हात लावला की ओरबाडतं. पाहुण्यांतला एक वकील म्हणाला, याच्यावर चढायचं म्हणजे माकडही कोड्यात पडेल. तेव्हापासून इंग्रजीत त्या झाडाचं नाव ‘मंकी पझल’. एका मोल्सवर्थच्या बागेत एक शब्द कोशात जायला निघाला होता, आणि दुसरा मोल्सवर्थ तेव्हा नुकताच मराठीतल्या हजारो शब्दांचा कोश हातावेगळा करून मोकळा झाला होता.

नाव लावून आलेल्या

आडनाव पुरुषांच्या मार्गाने जातं खरं, पण या आडनावाच्या ज्या दोन लेखिका इंग्रजीत आहेत त्या दोघी लग्नाने मोल्सवर्थ. पहिली मार्था. जन्म १५७७, तीनदा लग्न, तीनदा वैधव्य. तिसरा नवरा बेव्हिल. त्यांच्या घरी वर्तनी ‘मौल्सवर्थ’. त्याच्या मागे, १६३२ साली, पंचावन्नाव्या वाढदिवसाला तिने आत्मचरित्र लिहिलं, तेही पद्यात. दर वर्षाला एक द्विपदी, एकूण ५५. बापाने लॅटिन शिकवलं होतं. मुलींसाठीही विद्यापीठ असावं, असं ती त्यात स्पष्ट म्हणते. हे हस्तलिखित अमेरिकेत येल विद्यापीठात निजून होतं, ते १९९३ साली छापलं गेलं. कारकुनाच्या वहीत एक वेगळी वर्तनी म्हणून जी नोंद राहिली असती, ती बाई साडेतीनशे वर्षांनी स्वतः बोलली.

दुसऱ्या मिसेस मोल्सवर्थ, १८३९ ते १९२१. लहान मुलांसाठी त्यांनी शंभराच्या घरात पुस्तकं लिहिली. १८७७ सालचं ‘द कुकू क्लॉक’ सगळ्यात नावाजलेलं. नवरा मेजर मोल्सवर्थ. संसार मोडला, नाव मात्र पुस्तकांवर राहिलं.

आणि इंग्लंडात आज मोल्सवर्थ म्हटलं की ज्याचं नाव आधी आठवतं तो मुळात जन्मलेलाच नाही. जेफ्री विलन्स यांनी लिहिलेला आणि रोनाल्ड सर्ल यांनी चितारलेला नायजेल मोल्सवर्थ हा शाळकरी पोरगा. ‘डाउन विथ स्कूल!’ १९५३ साली आलं. सगळं पुस्तक नायजेलच्या तोंडून, आणि एक शब्द धड लिहील तर शपथ. मराठीला शब्दांची शिस्त लावणाऱ्याचं आणि शुद्धलेखनाचा मुडदा पाडणाऱ्याचं आडनाव एकच असावं, ही विधात्याची थट्टाच.

माणसाचा ग्रंथ व्हावा हा योग या आडनावाच्या वाट्याला दोनदा आला. रॉचडेलच्या व्हिकरचे चिरंजीव गिलफर्ड लिंड्सी मोल्सवर्थ, १८२८ ते १९२५, रेल्वेचे अभियंते. आधी सिलोनात, मग भारत सरकारच्या रेल्वेचे सल्लागार. त्यांनी अभियंत्यांसाठी सूत्रांचं खिशात मावेल असं पुस्तक केलं आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. पूल बांधणाऱ्या मंडळींत ‘मोल्सवर्थ’ म्हणजे ते. एकाच काळात हिंदुस्थानात शास्त्र्याचा मोल्सवर्थ मांडीवर होता आणि इंजिनिअरचा मोल्सवर्थ खिशात.

मागे राहिलेली वाडी

मूलवाडीकर जगभर गेले. मूलवाडीत काय राहिलं?

सेंट पीटरच्या जुन्या चर्चच्या भिंतीवर एक चित्र आहे: सेंट क्रिस्टोफर, खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी ओलांडणारा. हा वाटसरूंचा रक्षक. मध्ययुगात त्याचं चित्र बहुधा दारातून आत आल्याबरोबर नजरेला पडेल असं काढत. सकाळी त्याचं दर्शन घेतलं की त्या दिवशी प्रवासात अपमृत्यू नाही, अशी समजूत. ज्या गावाची ओळख गाव सोडलेल्यांनी राखली, त्याच्या भिंतीवर प्रवाशांचा देव.

आणि वाटसरू उलटेही आले. गावाजवळच्या धावपट्टीवरून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा ३०३ वा बाँबर गट जर्मनीवर झेपावत होता. १९८० च्या दशकात तिथे अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं. विरोधकांनी तळाशी शांती-छावणी टाकली, छोटं प्रार्थनामंदिर बांधलं. फेब्रुवारी १९८५ मध्ये एका रात्रीत शेकडो सैनिक आणि पोलीस आले, काटेरी तारांचं कुंपण उभं राहिलं. संरक्षणमंत्री मायकेल हेसल्टाइन लष्करी जाकीट घालून पाहणीला आले आणि व्यंगचित्रकारांची दिवाळी झाली. १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारानंतर क्षेपणास्त्रं हटली, तळ राहिला. ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. नऊशे वर्षांनी वाडीचं नाव पुन्हा अक्षरशः खरं झालं.

आमचा मोल्सवर्थ दिवाळीच्या तोंडावर बाइंडरकडून परत आला. काम चोख. नवा कणा, तपकिरी कापड, ‘प’चा गठ्ठा जागेवर. त्याने न सांगता कण्यावर पांढऱ्या रंगात नावही घातलं होतं: ‘मोलसवर्त’. मी विचारलं, हे कुठून आणलंत? तो म्हणाला, “फोनवर तुम्हीच सांगितलंत की.”

दुरुस्त करून देतो म्हणाला. राहू द्या म्हटलं. मोलेसवर्दे, मौल्सवर्थ, मोलेसर यांच्या ओळीत आणखी एकाची भर. इतकी गावं फिरून आलेल्या नावाला पुण्यातली एक वर्तनी जड नाही.